पाळण्याखाली

माझ्या वडिलांनी सहा तान्ही बाळं दगडावर आपटून मारली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. सीताबर्डीच्या थिएटरात, बायकांच्या बाजूला, आत्याला खेटून बसून. मी दहा वर्षांची होते. पडदा म्हणजे नुसतं कापड, मुकुट पुठ्ठ्याचा आणि बाळं चिंध्यांची, हे आत्यानं घरून निघतानाच मला पढवलं होतं. मी शहाण्यासारखी मान हलवली होती. पण पडद्यावरच्या राजानं पहिलं बाळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं, तेव्हा त्याच्या डाव्या हाताची वाकडी करंगळी दिसली. बुधवारच्या बाजारात गर्दीतून जाताना मी ती करंगळी धरून चालायची. त्यानंतर पुठ्ठा आणि चिंध्या कुठल्या कुठे गेल्या.

बाबांनी त्या पिक्चरमध्ये कृष्णाच्या मामाचं काम केलं होतं. त्या मामाचं नाव मी इथंही लिहिणार नाही. आमच्या घरात ते उच्चारायची बंदी होती, आणि बंदी घालणारी आत्या जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझी जीभ रेटत नाही. लोक मला भित्री म्हणतात. आहेच मी भित्री.

थिएटरात बायका बोटं मोडत होत्या. "मुडदा बशिवला मेल्याचा!" माझ्या मागची एक बाई उठून ओरडली आणि तिनं पायातली वहाण पडद्याकडे भिरकावली. वहाण बाबांच्या छातीवर लागून खाली पडली. आत्यानं माझा हात घट्ट दाबला आणि कानात म्हणाली, "गप बस वं. आपण कोण आहो ते कोणाले सांगू नको." 

त्याआधी बाबा शाळेत ड्रिल शिकवायचे. छाती रुंद, आवाज असा की मैदानाच्या टोकाला उभं असलेलं पोरही दचकून पाय जुळवायचं. गणेशोत्सवातल्या नाटकात त्यांनी एकदा राक्षस केला, तो कुणा फिल्म कंपनीच्या माणसानं पाहिला आणि त्यांना तिकडे, पार पश्चिमेला बोलावून घेतलं. कंपनीतून ते वर्षातून एखादा महिना घरी येत. आई, मी आणि बाबांची थोरली विधवा बहीण, म्हणजे आत्या, अशा आम्ही तिघी नागपूरच्या महाल भागातल्या घरात राहत होतो.

तो पिक्चर नागपुरात चालून चालून जुना झाला, आणि मग श्रावणात बाबा आले. आईचे दिवस भरत आले होते. टांगा गल्लीत वळेपर्यंत मागे जत्रा जमली होती. "मामा आले! मामा आले!" पानवाल्यानं दुकानात बाबांचा मुकुटातला फोटो लावला होता, तो काढून त्यानं सगळ्यांना दाखवला, जसं काही फोटो आणि माणूस ताडून बघायचे होते. भाजीवाली मात्र टोपली तशीच टाकून आपल्या कडेवरच्या पोरावर पदर ओढून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून ते घरात आले.

रोज संध्याकाळी ओट्यापुढे माणसं जमायची. "मामा, एकदा हासून दाखवा न जी!" बाबा बाहेर जात, छाती फुगवत आणि पिक्चरमधलं ते हसू हसत. ते पोटातून निघायचं आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आदळून परत यायचं. लोक टाळ्या वाजवत. आत्या आत चुलीपाशी म्हणायची, "भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं आहे हे."

हसून झालं की बाबा आत येऊन खाटेवर बसत. समोरच्या भिंतीवर एक खिळा होता, त्याच्यावर काहीही टांगलेलं नव्हतं. त्या खिळ्याकडे ते बघत बसत. मी चहा नेऊन ठेवला तर त्यावर साय धरायची. "बाबा" म्हटलं तर "हं" म्हणत, पण ते "हं" माझ्यासाठी नसायचं. ते चिडले असते, आदळआपट केली असती, तर मला बरं वाटलं असतं. चिडलेला बाप कसा असतो हे शेजारीपाजारी पाहून ठाऊक होतं. हे काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ओस पडलेलं घर होतं. तिकडे जाऊ नको, रिकाम्या घरात कोणीही शिरते, असं आत्या मला बजावायची. खाटेवरच्या बाबांकडे पाहून मला तेच वाटायला लागलं. बाबा आतून रिकामे झाले आहेत, आणि तो मामा त्यांच्यात शिरायची वाट बघतो आहे. 

आणि घरात बाळ येणार होतं.

सुईण आली तेव्हा बाबा ओट्यावर होते. ती दाराशी थबकली, वळली, आणि चालायलाच लागली. आत्या तिच्या मागे धावली. "तो माणूस घरात असंन तं मी हात नाही लावणार, बाई," सुईण म्हणाली. "म्या पाह्यला तो पिक्चर." शेवटी बाबा बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडणार नाहीत, असं वचन आत्यानं दिलं आणि तिला मागच्या दारानं आणलं. आत्यानं बाबांना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ते रागावतील. ते म्हणाले, "बरं झालं." इतक्या लगेच म्हणाले की मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

मुलगी झाली. आत्यानं बाहेर येऊन तसं सांगितलं. पिक्चरमध्ये सगळ्यांत शेवटी मुलगीच होती. राजानं तिला उचललं, आणि ती त्याच्या हातांतून निसटून आभाळात गेली, वीज चमकली. पण ती देवी होती. आमची बहीण साधीसुधी होती. ती निसटली असती तर खालीच पडली असती.

सोयर फिटेपर्यंत पुरुषानं त्या खोलीत जायचं नसतंच. त्यामुळे बाबा आत गेले नाहीत याचं कुणाला काही वाटलं नाही. मी मात्र त्या उंबऱ्यावर ठाण मांडलं. बाळंतिणीच्या उशाखाली आत्यानं लोखंडाचा विळा ठेवला होता, वाईट काही जवळ येऊ नये म्हणून. मला दारासाठी दुसरा विळा हवा होता. "दारात काय चोर येऊन राहिले काय?" म्हणून आत्या हसली आणि माझी समजूत काढायला तिनं मला अडकित्ता दिला. लोखंड ते लोखंड. तो मांडीवर घेऊन मी बसायची. आई आतून विचारायची, "काहून बसली वं तिथं, खेळायले जा न." मी म्हणायची, इथं गार वाटतं. आत शेगडी पेटलेली, ओव्याची धुरी, आणि मी घामानं निथळत होते.

त्या दिवसांत एका संध्याकाळी बाबा ओट्यावर हसत होते आणि आत बाळ दचकून किंचाळलं. ते रडणं बाहेर ऐकू गेलं. बाबांचं हसू मधोमध तुटलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं आणि आवाज येईना. लोकांना वाटलं हाही पिक्चरचाच भाग. त्यांनी नेहमीपेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते घडलं. जेवणं झाली होती. आई आणि बाळ झोपली होती, आत्या मागे धुणं वाळत घालत होती. मला पाणी हवं होतं म्हणून मी उंबरा सोडला आणि माजघरात गेले. बाबा पाठमोरे उभे होते. त्यांच्या हातांत बाळाच्या दुपट्याची गुंडाळी होती, आत उशी असावी. ती त्यांनी छातीशी धरली. जरा वेळ धरून ठेवली. मग त्यांचे दोन्ही हात वर गेले, डोक्याच्याही वर, आणि गुंडाळी तिथं थांबली. त्यांनी हात खाली आणले. पुन्हा छातीशी धरली. पुन्हा हात वर गेले.

माझ्या हातातून अडकित्ता पडला आणि बाबा वळले.

"तुम्ही तिले मारसान?" मी विचारलं.

कोणताही बाप यावर "नाही" म्हणाला असता. खोटं का होईना. बाबांनी दुपटं खाटेवर ठेवलं, आपल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मले माहीत नाही."

आजवरच्या आयुष्यात मी कुणाच्या तोंडून याहून भयंकर वाक्य ऐकलेलं नाही. लढाईच्या बातम्या ऐकल्या, तारा आल्या, डॉक्टरांचे चेहरे पाहिले. त्या तीन शब्दांची सर कशालाच नाही.

मग ते खाली बसले आणि बोलायला लागले. आल्यापासून इतकं ते पहिल्यांदाच बोलत होते. "चिंध्यायची बाळं होती ती," ते म्हणाले. "पण मालकाले हात पसंत पडत नव्हते. पुन्हा उचला, जोरानं उचला, असं दिवस दिवस चाललं. मंग एका शॉटले खरं पोर आणलं, तिथल्याच एका मजुरणीचं. नुसतं उचलायचं होतं, बाकीचं चिंध्यायवर. म्या उचललं त्याले. ते हासलं माह्याकडे पाहून, मिशी धरली माही. अन् हात वर गेले ते मले खाली आणता येईनात. त्याची माय समोर उभी होती. दोघांनी मिळून माहे हात खाली आणले." त्यांनी तळवे मांडीवर पालथे घातले. "तवापासून म्या एकही लेकरू उचललं नाही. उचलाले गेलो का हात आपोआप वर जाते."

मी पळत जाऊन आईला हे सगळं सांगितलं. आई हसेल, मला वेडी म्हणेल, अशी माझी आशा होती. आईनं झोपलेल्या बाळाला आपल्या दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे सरकवलं. "मले माहीत आहे," ती म्हणाली. "झोपेतही जाते त्यायचे हात वर." तेव्हा मला कळलं की घरात मी एकटीच घाबरलेली नव्हते, आणि त्यानं माझी भीती दुपटीनं वाढली.

बारसं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. नागपुरात तो मारबतीचा दिवस. कागदाबांबूचे मोठमोठे पुतळे, बाईची ती मारबत आणि पुरुषाचा तो बडग्या, मिरवत नेतात, गावाची रोगराई त्यांच्यावर घालतात आणि वेशीबाहेर नेऊन जाळतात. आत्या म्हणाली, चांगलंच झालं, इडापिडा जायचा दिवस आहे. सकाळी पानवाला मोठ्या कौतुकानं सांगून गेला की आमच्या बाजूच्या पोरांनी यंदाचा बडग्या मामाचा केला आहे, अगदी मुकुटासकट. मिरवणूक घरापुढं थांबणार होती. मामांनी बाहेर यायचं, बडग्याशेजारी उभं राहायचं आणि एकदा जोरदार हसायचं. बाबा म्हणाले, "येतो."

माजघरात आढ्याच्या कड्यांना लाकडी पाळणा टांगला होता. गल्लीतल्या बायका जमल्या. आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालण्याआधी दोघी बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून बाळ एकमेकींना देतात, एकदा पाळण्यावरून, एकदा खालून. एक म्हणते "गोविंद घ्या", दुसरी म्हणते "गोपाळ घ्या". एका बाजूला आत्या होती, दुसऱ्या बाजूला शेजारच्या काकू. वरून देणं झालं. आत्या बाळाला घेऊन खाली बसली, आणि तेवढ्यात ढोल आले. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" बायका खिडकीकडे धावल्या. काकूही धावल्या. मारबत दारावरून जात असताना नागपूरकर बाई जागेवर बसून राहील, हे कालत्रयी शक्य नाही.

आत्यानं बाळ पाळण्याखालून पुढं केलेलं होतं. एकदा पुढं केलेलं बाळ मागं घ्यायचं नाही, असा तिचा हट्ट. "घे वं तू," ती मला म्हणाली.

मी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. बाबा कोट घालून उभे होते. रस्त्यावरून "मामा! मामा!" असा एकच गजर चालला होता. बाबांची छाती फुगत होती, भुवया वर चढत होत्या, आणि मी रोज पाहायची तो चेहरा हळूहळू निघून त्या जागी पडद्यावरचा चेहरा येत होता. रिकाम्या घरात कोणीतरी शिरत होतं. आता हे बाहेर जाऊन हसले, तर परत आत येईल तो माझा बाप नसेल, हे मला लख्ख दिसलं. बाळाच्या जिवाइतकीच मला त्याचीही भीती वाटली.

"बाबा, आत या," मी ओरडले. "बाळ घ्यायले कोणी नाही."

ते वळले. "तू घे."

"मी नाही घेत."

"मले नाही जमणार, पोरी. तुले माहीत आहे."

"खालून घ्यायचं आहे," मी म्हणाले. "वर पाळणा आहे. हात वर जाणारच नाहीत."

बाबांनी पाळण्याकडे पाहिलं. "याले काहून बोलावते वं?" आत्या म्हणाली. "घेऊ द्या त्यायले, वन्सं," पाटावर बसलेली आई म्हणाली.

बाबा आले. एवढा मोठा माणूस, गुडघे मुडपून, मान छातीत घालून पाळण्याखाली शिरला. आत्यानं डोळे मिटून घेतले आणि म्हटलं, "गोविंद घ्या." पानंच्या पानं पाठ करणाऱ्या बाबांना उत्तरात काय म्हणायचं ते आठवेना. त्यांनी नुसते हात पुढं केले. बाळ त्यांच्या हातांत, कोपरांच्या बेचक्यात गेलं, आणि त्याच क्षणी पुढचे हात वर उसळले.

मुठी फळीवर आपटल्या. पाळणा हेलकावला, कड्या करकरल्या. पुन्हा आपटल्या. मी पाळण्याची दांडी दोन्ही हातांनी धरून खाली दाबली, माझं होतं नव्हतं तेवढं वजन टाकून. तिसऱ्यांदा धक्का बसला तो हलका होता. मग बराच वेळ काही झालं नाही. मी खाली वाकून पाहिलं. बाळ बाबांच्या छातीशी होतं आणि कोटाच्या गुंडीला दूध समजून तोंड लावत होतं. बाबा रडत होते.

बाहेर लोकांनी पुष्कळ हाका मारल्या. मग ढोल पुढं गेले.

बाबा पाळण्याखालून निघायला तयार होईनात. बायका परत आल्या, पदर तोंडाला लावून हसल्या, बाळाची हौस किती म्हणाल्या. नाव कानात सांगायचं तेही आत्यानं तिथं खाली वाकूनच सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "आता ऊठ गा, पानं वाढायची आहेत." बाबा म्हणाले, "पहिले हिले घ्या. मंग निघतो." बाळ काढून घेतल्यावर ते रांगत बाहेर आले. त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. आत्यानं हळद भरली.

त्या मामाचा बडग्या वेशीबाहेर जळाला. तो त्याच्याबरोबर कायमचा गेला, असं मला फार वाटायचं होतं. बाबा गणपतीनंतर कंपनीत परत गेले, आणखी राक्षस केले, दरोडेखोर केले. घरी आले की बहिणीला पाळण्याखाली बसूनच घेत. पाळणा उतरवला तेव्हा घेणंही संपलं. बाबांनी मला कधी कडेवर घेतलं नाही, अशी माझ्या बहिणीची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

पुढं नवे पिक्चर आले, नवे मामा आले. माझ्या मुलाच्या बारशाला बाबा टांग्यातून उतरले तेव्हा गल्लीत कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. ते थकले होते, हाताला कंप होता. बायका अजून जमायच्या होत्या. बाबा कुणाला काही न विचारता गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि पाळण्याखाली सरकले.

"बाबा, तिथं काहून बसले?" बहिणीनं हसत विचारलं. माझं बाळ तिच्याच हातांत होतं.

"इथं बरं वाटते," बाबा म्हणाले. "दे."

तिनं दिलं. ती अजून हसत होती. मी पाळण्याची दांडी धरली. बाळ बाबांच्या कोपरांत होतं, मुठी त्याच्या दोन्ही बाजूंनी फळीला टेकलेल्या होत्या, आणि फळी माझ्या हातांखाली वर वर येत होती.